माळवदावर फोडलेलं खापर

बीडमध्ये घर बघायला निघालेल्या माणसाला पहिला सल्ला फुकट मिळतो: जुन्या गावात नको. गाडी आत जात नाही, नळाला पाणी येत नाही, नाली तुंबते, कागद धड नाहीत. धानोरा रोडला बघा, नगर रोडला बघा, बायपासजवळ प्लॉट घेऊन टाका. सल्ला देणारा बहुतेक वेळा वेशीच्या आत जन्मलेला असतो. तो कॉलनीत राहायला गेला, पण लग्नाचा बस्ता बांधायला आणि दिवाळीचं सामान भरायला तो अजून बलभीम चौकातच येतो.

त्याची यादी खरी आहे. खापर मात्र चुकीच्या डोक्यावर फुटतंय. नाली तुंबली की दोष गावाच्या वयाचा, पाणी आलं नाही की दोष गल्लीच्या रुंदीचा, वाटणीचे कज्जे उभे राहिले की दोष वाड्याचा. आपण माणसांनी केलेली आणि न केलेली कामं दगडमातीच्या नावावर लिहितोय. एकदा तसं लिहिलं की कुणालाच काही करावं लागत नाही. उरतं फक्त पाडणं आणि विकणं.

बिंदुसरेच्या काठचं हे गाव. तटबंदी बरीचशी गेली, वेशी उरल्या. कोतवाली वेस आहे, राजुरी वेस आहे, बशीरगंज आहे. पाण्याच्या कुंडात उभं कंकालेश्वराचं देऊळ आहे, मुघलांच्या काळातली जामा मशीद आहे, नदीपलीकडे पेठ बीड आहे. इथे लोक राहतात, दुकानं उघडतात, पोरं शाळेत जातात. म्हणून प्रश्न जपण्याच्या आधी राहण्याचा आहे. राहणाऱ्याला काय मिळतं आणि काय सोसावं लागतं, ते सांगतो.

मिळतं ते आधी. दवाखाना, शाळा, किराणा, शिंपी, पिठाची गिरणी, देऊळ, मशीद सगळं पायी. सत्तरीच्या माणसाला कॉलनीत औषधाची एक पट्टी आणायला मुलाची वाट पाहावी लागते, वेशीच्या आत तो चप्पल घालतो आणि जाऊन येतो. म्हातारपणी स्वतःच्या पायाने बाजार करता येणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे ज्यांचे आईवडील तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये बसून आहेत त्यांना विचारा. बाळंतीण घरी आली तर तिच्यासाठी चार घरांतून डबा येतो. कुणी आजारी पडला तर गल्लीला रात्रीच कळतं.

त्याच गल्लीला मुलगी घरी किती वाजता आली तेही कळतं. हा भाग गोड करून सांगण्यात अर्थ नाही. नोकरी करणारी, उशिरा परतणारी मुलगी इथे रोज नजरा मोजत चालते. आणि घर भाड्याने मागायला गेलं की दारातच विचारलं जातं: तुम्ही कोणाचे, कुठले? जुन्या गावाच्या गल्ल्या जातीने आणि धर्माने पडल्या, आणि कितीतरी दारांत आजही तेच चालू आहे. याचं खापर कोणत्याही कार्यालयावर फोडता येणार नाही. हे आपलं आहे. नव्या कॉलन्यांतही तोच प्रश्न पुढे आलाय, फक्त तिथे तो सोसायटीच्या पाटीआड उभा असतो.

आता घराकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त बदनामी घराची झालीय.

मराठवाड्याचं जुनं घर म्हणजे माळवदाचं घर. दोन हात रुंदीची दगडमातीची भिंत, सागवानी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर फळ्या किंवा बारीक लाकडांची दाट मांडणी, आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. मे महिन्यात बाहेर पारा चाळिशीच्या वर असतो. अशा दुपारी दिंडी दरवाजातून आत आलात, ओसरी ओलांडून माजघरात बसलात, की पाच मिनिटांत घाम सुकतो. भिंत दिवसभर ऊन आत येऊ देत नाही. कोनाड्यात ठेवलेलं मडकं वीज न खाता गार राहतं. हेच ऊन सिमेंटच्या स्लॅबमधून रात्री दहा वाजताही खाली उतरत असतं, आणि कूलरला पाणी घालायला टँकर बोलवावा लागतो. चैत्र-वैशाखात माळवदावर पाणी शिंपडून टाकलेल्या अंथरुणाची सर कोणत्याच यंत्राला नाही.

पण माळवद फुकट सुख देत नाही. ते दरवर्षी काम मागतं. पावसाआधी वर उगवलेलं गवत मुळासकट उपटायचं, पांढरी माती आणून पसरायची, चोपायची, पन्हाळी मोकळ्या करायच्या. पहिला पाऊस पडला की माती फुगते आणि बारीक भेगा स्वतःच बुजवते. तरीही कुठे टपकलं, तर भर रात्री कंदील किंवा मोबाइलचा उजेड घेऊन वर जायचं, टाचेने माती दाबायची, वाट फुटली असेल तिथे मूठभर कोरडी माती टाकायची. हे काम करणारे हात घरात होते तोवर माळवद टिकलं. मुलं पुण्याला गेली, घरात दोन म्हातारी माणसं उरली, आणि गवत दोन पावसाळे तसंच राहिलं. मुळांनी माती उकलली, पाणी तुळईत शिरलं, लाकूड कुजलं. मग शेजारी म्हणाला, घर जुनं झालं. घर जुनं होतंच, पण पडलं ते वर कुणी चढलं नाही म्हणून.

आणि आता ती गोष्ट, जिच्याशिवाय मराठवाड्यात माळवदाबद्दल बोलण्याचा कुणाला अधिकार नाही. 30 सप्टेंबर 1993. अनंत चतुर्दशीची रात्र सरली होती, विसर्जन करून लोक झोपले होते, आणि पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीची जमीन हलली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, सरकारी आकड्यानुसार, आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. त्यांतली बहुतेक आपल्याच घराखाली गेली. दोन हात रुंदीची जी भिंत उन्हाला अडवते, ती बऱ्याच घरांत एकसंध नव्हती. आतून एक दगडी फळी, बाहेरून दुसरी, मध्ये खडी-मातीची भर, आणि दोन्ही फळ्यांना जोडणारा दगड कुठेच नाही. हादरा बसला की दोन्ही फळ्या एकमेकींपासून सुटल्या. वर पिढ्यान्‌पिढ्या दरसाल टाकलेल्या मातीने माळवदाचा थर दोन-दोन फूट झाला होता. तो सगळा भार झोपलेल्या माणसांवर आला.

त्या दिवसापासून शेजारच्या बीड जिल्ह्यातही माणसं माळवदाखाली झोपायला घाबरू लागली. ती भीती खरी होती. तिला कुणी हसू नये. पण त्यानंतर जे झालं तेही तितकंच खरं आहे, आणि ते फार लवकर विसरलं गेलं. भूकंपानंतरच्या पुनर्वसनात 52 गावं नव्या जागी वसवली गेली, आणि त्याबरोबर उभ्या असलेल्या घरांना मजबूत करण्याचं कामही झालं. त्यात अभियंत्यांनी गवंड्यांना शिकवलं ते अगदी साधं होतं. माळवदावरची जादा माती उतरवा, वीतभराच्या आत थर ठेवा, खाली प्लास्टिकचा कागद घाला म्हणजे कमी मातीतही गळणार नाही. भिंतीला ठरावीक अंतरावर आरपार जोडदगड घाला. खांब आणि तुळई जिथे मिळतात तिथे तिरके टेकू ठोका, म्हणजे लाकडाचा सांगाडा डोलेल पण निखळणार नाही. भिंतींना वरून एक सलग पट्टा बांधा. कोपरे आवळा. या कामाला सागवान लागत नाही, परदेशी तज्ज्ञ लागत नाही. लागतो एक जाणता गवंडी आणि एक जाणता सुतार.

बीडच्या जुन्या गावात किती वाड्यांत असे जोडदगड बसले, हे ज्याने त्याने आपल्या भिंतीपाशी उभं राहून बघावं. त्याऐवजी काय चाललंय ते उघड्या डोळ्यांना दिसतं. खालची मातीतली भिंत तशीच, वरचं माळवद काढलं, आणि तिथे सिमेंटचा स्लॅब ओतला. वर आणखी एक खोली, तिच्यावर पाण्याची टाकी. जुन्या भिंतीला पेलणार नाही इतकं ओझं तिच्या डोक्यावर दिलं, आणि या कामाला लोक ‘घर पक्कं केलं’ म्हणतात. माळवदाच्या घरापेक्षा हे घर जास्त घातक आहे. नव्याचा जडपणा आणि जुन्याचा ढिलेपणा दोन्ही त्यात एकत्र आलेत.

दुसरं संकट पाण्याचं, तेही दोन्ही टोकांनी. 23 जुलै 1989 ला बिंदुसरेला महापूर आला, नदीकाठच्या वस्त्या वाहून गेल्या, माणसं गेली. नदीच्या बाजूचं घर घेणार असाल तर दलालाला काही विचारू नका. त्या गल्लीतल्या साठीच्या माणसाला विचारा, तेव्हा पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं. तो जिथे हात ठेवेल त्याच्या वर झोपायची खोली असेल तरच पुढे बोला. नदीत भराव टाकून, काठ खाऊन जे बांधलंय त्याचा हिशेब पुढच्या पुरात नदी घेईल, आणि तेव्हाही आपण म्हणू की जुन्या गावात पाणी शिरतं.

दुसरं टोक टंचाईचं. नळाला पाणी किती दिवसांनी येतं, हा बीडकरांच्या बोलण्यातला कायमचा विषय. ज्या दिवशी येईल त्या दिवशी घरातलं एक माणूस कामावर जात नाही. त्याच शहराच्या दक्षिणेला काही कोसांवर खजाना विहीर आहे. 1582 साली, अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाच्या काळात, सलाबत खानाने ती बांधवली. जमिनीच्या पोटातून बोगद्यांनी पाणी विहिरीत आणलं, आणि तिथून उताराच्या जोरावर बोगद्यानेच शेतांकडे सोडलं. पंप नाही, मोट नाही. चारशे चाळीस वर्षांनंतर, दुष्काळातल्या मराठवाड्यात, लोक ती विहीर आटत नाही असं ऐकून बघायला जातात. बघून येतात, फोटो काढतात. आणि घरी आल्यावर आपल्या वाड्यातल्या आडात काय आहे हे मात्र बघत नाहीत. आडात राडारोडा आहे. नळ आला त्या दिवशी आड बुजवायला घेतला, वर फरशी टाकली, आणि आता बोअर घ्यायचा तर यंत्राची गाडी गल्लीत शिरत नाही. माळवदाच्या पन्हाळीचं पाणी आडात सोडायला चार नळ्या पुरतात. सगळ्या गल्लीने मिळून एक आड उपसला तरी जूनपर्यंतची भांडी-धुणी त्यावर निघतात. पिण्याचं पाणी पालिकेनेच द्यायला हवं, त्यात सूट नाही.

गल्लीच्या रुंदीवर फार बोलत नाही, कारण ती तक्रार निम्मी आपल्याच ओट्याची आहे. प्रत्येकाने दोन फूट ओटा पुढे घेतला, त्यापुढे दुचाकी लावली, वर गॅलरी काढली. मग रुग्णवाहिका वेशीपाशी थांबते आणि आजाऱ्याला खुर्चीत बसवून चौघे बाहेर आणतात. वाळू गाढवांच्या पाठीवरून येते आणि बांधकामाचा खर्च वाढतो. आग लागली तर मोठा बंब आत येणार नाही, ही खरी भीती आहे, आणि लोंबत्या तारांमुळे ती वाढलीय. यावर उपाय गल्ल्या रुंद करणं हाच असेल असं समजू नका. मोठ्या शहरांनी अरुंद वस्त्यांसाठी आग विझवायच्या मोटारसायकली घेतल्यात. बीडला एक घेता येईल. तारा जमिनीखाली नेता येतील. ओटे मात्र आपल्यालाच मागे घ्यावे लागतील.

आता कागद. माझ्या मते जुनं गाव मरतंय ते इथे. मिळकत पत्रिकेवर नाव पणजोबांचं. वारस नोंदी एका पिढीनंतर थांबल्या. मुलींना बरोबरीचा हिस्सा राज्याने 1994 मध्ये दिला, केंद्राने 2005 मध्ये, आणि तो योग्यच होता, पण कागदावर त्यांची नावं लागली नाहीत म्हणून पुढे सगळाच व्यवहार अडला. एक हिस्सेदार संभाजीनगरला, एक पुण्याला, एकाचा पत्ताच नाही. नाव लागत नाही तोवर बँक दुरुस्तीला कर्ज देत नाही. कर्ज नाही म्हणून दुरुस्ती नाही, दुरुस्ती नाही म्हणून भाडेकरू नाही. शेवटी कुणीतरी आपला हिस्सा मिळेल त्या किमतीला विकतो. घेणारा आधी दिंडी दरवाजा उखडतो, मग कोरीव खांब. जुन्या सागवानाला बाजारात भाव आहे आणि तो दरवाजा कुठल्यातरी रिसॉर्टच्या स्वागतकक्षात जाऊन उभा राहतो. मग घेणारा आपला भाग पाडतो. इथे भिंती सामाईक आहेत. एका घराला दुसऱ्याचा आधार आहे. मधलं घर निघालं की दोन्ही बाजूंच्या भिंती उघड्या पडतात, पुढच्या पावसात त्यांना पोट येतं, आणि ज्याने घर नीट ठेवलं होतं त्याचंही घर धोकादायक ठरून नोटीस येते. गल्ली अशी दात पडल्यासारखी एकेक घर गमावत जाते.

कायदे नाहीत असं नाही. केंद्राचा पुरातत्त्व कायदा 1958 चा आहे, राज्याचा 1960 चा. केंद्राच्या कायद्यात 2010 ला दुरुस्ती होऊन संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या 200 मीटरपर्यंत नियंत्रण आलं. पण हे सगळं स्मारकांसाठी. माणसं राहतात त्या वाड्याला, गल्लीला त्याचा उपयोग नाही. त्यासाठी वेगळी वाट आहे. 1966 च्या नगररचना कायद्यात विकास आराखडा करतानाच ऐतिहासिक वास्तू आणि जागा जपण्याची तरतूद करता येते. मुंबईने 1995 मध्ये वारसा नियमावली केली आणि इमारतींची प्रतवार यादी लावली. केंद्राने 2015 मध्ये जुन्या शहरांसाठी ‘हृदय’ योजना काढली, तिच्यात 12 शहरं घेतली, आणि महाराष्ट्राचं एकही नव्हतं. त्याचा जाब इथल्या कुठल्या नेत्याने कुठल्या सभेत विचारला?

अहमदाबादकडे बघा. तिथल्या पोळांत, म्हणजे जुन्या मोहल्ल्यांतही गल्ल्या अरुंदच, घरं लाकडाचीच, वारसांचे तंटे तसेच. तिथल्या महापालिकेने 1990 च्या दशकात वारशासाठी वेगळा कक्ष उभा केला, 1997 पासून रोज सकाळी जुन्या शहरातून लोकांना पायी फिरवायला सुरुवात केली. 2017 मध्ये युनेस्कोने ते तटबंदीचं शहर जागतिक वारसा म्हणून घेतलं. आधी वीस वर्षं रोजची चाल झाली, मान नंतर आला. पोळांतल्या काही घरांत आज पाहुणे पैसे देऊन राहतात, आणि त्या पैशांतून छप्पर नीट राहतं.

बीडला हे का जमू नये? आता रेल्वे आलीय. परळी वैजनाथला आणि अंबाजोगाईच्या योगेश्वरीला जाणारा माणूस बीडवरून पुढे निघून जातो. त्याला एक रात्र वेशीच्या आत ठेवा. पर्यटन महामंडळाची निवास व न्याहारी योजना आहे, कोकणात घरोघरी लोक अशी पाहुण्यांची सोय करतात. संध्याकाळी कंकालेश्वर, खंडोबाच्या टेकडीवरच्या दोन उंच दीपमाळा, सकाळी वेशी, जामा मशीद, शहेनशाहवली दर्गा, आणि रिक्षाने खजाना विहीर. रात्री माजघरात अंथरूण, जेवायला भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. पाहुण्याला आधीच स्पष्ट सांगायचं: गाडी वेशीबाहेर लावावी लागेल, पहाटे अजान आणि काकडा दोन्ही ऐकू येतील, आणि आंघोळीला एकच बादली मिळेल. ज्याला हे चालत नाही त्याच्यासाठी बसस्टँडसमोर लॉज आहेत. पण माळवदावरची माती उतरवल्याशिवाय, जोडदगड बसवल्याशिवाय पाहुणा घेऊ नका. भाडेकरूही घेऊ नका.

ज्यांचा वाडा वेशीच्या आत आहे आणि जे बाहेर राहतात, त्यांच्याशी एवढंच बोलायचंय. विकायचा तर विका, तुमची अडचण तुम्हाला ठाऊक. पण शेजाऱ्याला आधी विचारा, तो घेत असेल तर त्याला द्या, कारण तुमची भिंत त्याचीही आहे. ठेवायचा असेल तर या उन्हाळ्यात सगळे हिस्सेदार एका दिवशी एकत्र बोलवा, वारस नोंदीचा अर्ज करा, नगर भूमापन कार्यालयात मोजणीचे पैसे भरा. गवंड्याला आणि सुताराला एकत्रच वर न्या, तुळई कुठे मऊ लागते ते टोचून बघायला सांगा. माती उतरवायचं काम मृग निघायच्या आत संपायला हवं, म्हणजे माणसं वैशाखातच बोलवावी लागतील.